खापर एलव्हीएमच्या माथी नको

अमरावती आणि अकोल्याच्या संगणक प्रयोगशाळांत, दुरुस्तीच्या दुकानांत, लहान कार्यालयांच्या सर्व्हर-खोल्यांत एक मत आता जवळजवळ सिद्धांत होऊन बसलं आहे : व्हर्च्युअल मशीनमध्ये एलव्हीएम (लिनक्सचा लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) वापरूच नये. कारण विचारलं की उत्तर तयार असतं. व्हर्च्युअल डिस्कची पार्टिशनं नव्याने पाडली की आतले जुने लॉजिकल व्हॉल्यूम निघता निघत नाहीत. काढायला जावं तर ‘वापरात आहे’ असा निरोप येतो, नाहीतर ‘असा ग्रुपच सापडत नाही’ म्हणून कमांड हात झटकते, आणि तो व्हॉल्यूम यादीत मात्र दिसतच राहतो. ‘कायले पायजे ते झंझट, पुसून टाक अन् नवीन टाक’ हा सल्ला मग अमरावतीच्या राजापेठेत काय आणि अकोल्याच्या जठारपेठेत काय, सारखाच मिळतो.

हा सल्ला चुकीचा आहे. ज्या मुलांना तो दिला जातो, त्यांचं तो नुकसान करतो, म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं.

तक्रार करणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही, हे आधी मान्य करतो. व्हॉल्यूम खरोखरच निघत नाहीत. प्रश्न एवढाच की ते का निघत नाहीत, आणि त्यात दोष कोणाचा. नेहमीचा प्रसंग घेऊ. चाळीस जीबीची व्हर्च्युअल डिस्क आहे. पहिल्या लहान पार्टिशनमध्ये बूट आहे. दुसरं मोठं पार्टिशन एलव्हीएमला दिलेलं, त्यात रूट, होम आणि स्वॅप असे तीन लॉजिकल व्हॉल्यूम. विद्यार्थ्याला होम काढून ती जागा वेगळ्या पार्टिशनला द्यायची आहे. तो थेट एफडिस्क उघडतो, दुसरं पार्टिशन उडवतो, त्याच जागी एक लहान आणि त्यापुढे एक नवं पार्टिशन बनवतो आणि लिहून टाकतो. मशीन सांगतं, डिस्क वापरात आहे, जुनीच विभागणी अजून चालू आहे. तिकडे दुर्लक्ष करून तो होम काढायची कमांड देतो. ती नकार देते. इथून पुढे सगळा राग एलव्हीएमवर.

आता आत काय झालं ते नीट पाहा. डिस्कची विभागणी एका ठिकाणी नोंदलेली नसते. पहिली नोंद डिस्कच्या सुरुवातीच्या पार्टिशन टेबलात. दुसरी एलव्हीएमची स्वतःची : फिजिकल व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या सेक्टरांत एक लेबल आणि त्याच्या मागोमाग साध्या मजकुरात लिहिलेला मेटाडेटा, म्हणजे ग्रुपचं नाव, प्रत्येक व्हॉल्यूमचा आकार, कुठला एक्स्टेंट (जागेचा ठरावीक तुकडा) कुठे. तिसरी नोंद चालू कर्नलच्या स्मृतीत. पार्टिशनं कुठे सुरू होतात आणि डिव्हाइस मॅपरने कुठला व्हॉल्यूम कुठल्या सेक्टरांवर बसवला आहे, हे सगळं कर्नल लक्षात ठेवून असतो. एफडिस्कने बदलली ती फक्त पहिली नोंद. दुसरीला हातही लागला नाही. आणि तिसरी बदलायला कर्नलने नकार दिला, कारण त्या पार्टिशनवर व्हॉल्यूम चालू होते आणि त्या व्हॉल्यूमवर फाइल सिस्टिम माउंट होती.

वऱ्हाडात हे जमिनीच्या उदाहरणाने चटकन समजतं. मोजणी झाली, नवा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात लागला, तरी जुना वहिवाटदार धुऱ्याच्या आत पेरणी करतच असतो. कागद बदलला म्हणून ताबा बदलत नाही. त्याला रीतसर उठवल्यावरच नवा हिस्सेदार शेतात पाय ठेवू शकतो. कर्नल ‘वापरात आहे’ म्हणतो तेव्हा तो या वहिवाटीचीच खबर देत असतो.

ही खबर खरी असते, हा माझा मुख्य मुद्दा आहे. चालू फाइल सिस्टिमखालची जमीन कर्नलने निमूटपणे काढून दिली असती, तर पुढच्याच क्षणी कुठलीतरी फाइल नव्या पार्टिशनच्या मधोमध लिहिली गेली असती. नकार मिळाला म्हणून डेटा वाचला. एफडिस्कच्या अलीकडच्या आवृत्त्या तर वापरातली डिस्क उघडतानाच बजावतात की आधी सगळ्या फाइल सिस्टिम अनमाउंट करा, स्वॅप बंद करा. हा इशारा वाचला जात नाही, कारण प्रयोगशाळेत स्क्रीनवरचं इंग्रजी वाचायची सवय आपण लावत नाही. एंटर दाबायची लावतो.

दुसऱ्या तऱ्हेची अडचण अधिक गोंधळात टाकणारी आहे. नवं पार्टिशन जुन्याच्या जागी सुरू न होता थोडं पुढे-मागे सुरू झालं, की एलव्हीएमच्या साधनांना लेबल सापडत नाही. ती साधनं पार्टिशनच्या सुरुवातीलाच पाहतात, आणि लेबल तर जुन्या सुरुवातीला राहिलं. म्हणून ग्रुप नाही, व्हॉल्यूम नाही, एलव्हीरिमूव्ह कोणावर चालवायचं तेच कळत नाही. पण मॅपरच्या यादीत जुनं नाव जिवंत असतं, कारण कर्नलच्या स्मृतीतली नोंद कोणी मिटवलेलीच नाही. अशा वेळी एलव्हीरिमूव्ह हे योग्य साधनच नव्हे. माउंट काढायचं, स्वॅप असेल तर बंद करायचा, मग डीएमसेटअप रिमूव्हने ते नाव काढायचं आणि पार्टप्रोबने कर्नलला टेबल पुन्हा वाचायला लावायचं. चार ओळींचं काम. ते ठाऊक नसल्यामुळे अख्खं मशीन पुसलं जातं.

तिसरी तऱ्हा याच्या नेमकी उलटी. वेगळ्या डेटा-डिस्कवर कोणी पार्टिशन उडवून पुन्हा बनवतो, आणि ते २०४८ व्या सेक्टरपासूनच सुरू होतं, कारण आजची साधनं पहिलं पार्टिशन तिथूनच सुरू करतात. जुनं लेबल जिथल्या तिथे असल्यामुळे पुढच्या बूटला जुना ग्रुप व्हॉल्यूमांसकट हजर होतो. ‘काढलेले व्हॉल्यूम परत येतात’ ही तक्रार इथली. वास्तविक ते कधी काढलेलेच नव्हते. पार्टिशन उडवणं म्हणजे त्यातला मजकूर पुसणं नव्हे. एफडिस्क अशा वेळी विचारतो की या पार्टिशनवर एलव्हीएमची खूण आहे, ती काढू का? आपण नको म्हणतो, किंवा प्रश्नच वाचत नाही. पीव्हीरिमूव्ह किंवा वाइपएफएस आधी चालवलं असतं तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

याच गोष्टीची दुसरी बाजू फार मोलाची आहे. एफडिस्कने फक्त टेबल बदललं आहे आणि त्यावर नवी फाइल सिस्टिम बसवलेली नाही, तोवर डेटा शाबूत असतो. जुन्या पार्टिशनचा आरंभीचा आणि शेवटचा सेक्टर माहीत असेल तर तेच पार्टिशन हुबेहूब पुन्हा बनवा. सगळं परत मिळतं. म्हणून हात लावण्याआधी एसएफडिस्कने टेबल एका फाइलमध्ये उतरवून ती फाइल मशीनबाहेर ठेवायची. एलव्हीएमही प्रत्येक बदलाआधी आपल्या मेटाडेटाची प्रत ईटीसीखालच्या एलव्हीएमच्या आर्काइव्ह फोल्डरमध्ये ठेवतं. मूळ सेटिंगप्रमाणे किमान १० प्रती आणि ३० दिवस. चुकीचा व्हॉल्यूम काढला गेला आणि त्या जागेवर काही लिहिलं गेलं नसेल, तर व्हीजीसीएफजीरिस्टोर त्याला उभा करतं. ज्या यंत्रणेला आपण आडमुठी म्हणतो, ती इतकी जपून वागते. मात्र हे आर्काइव्ह रूट व्हॉल्यूमवरच असतं, आणि रूट त्याच ग्रुपमध्ये असतो. त्याचीही प्रत बाहेर हवी.

‘रीस्टार्ट केलं की होतं’ हा आपल्याकडचा आणखी एक सर्वमान्य उपाय. वऱ्हाडात त्याला लोडशेडिंगनेही हातभार लावला : काम अर्धवट असताना लाइट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि अडलेलं पार्टिशन दिसू लागलं. खरं आहे, रीस्टार्टनंतर कर्नल टेबल नव्याने वाचतो. पण वर सांगितलेल्या पहिल्या प्रसंगात रीस्टार्ट केलं तर काय होईल? पार्टिशन आता लहान आहे आणि एलव्हीएमचा मेटाडेटा सांगतो की फिजिकल व्हॉल्यूम मोठा आहे. इशारा येतो की डिव्हाइसचा आकार अपेक्षेपेक्षा कमी आहे, तो कोणी बदलला का? ज्या व्हॉल्यूमचे एक्स्टेंट कापलेल्या भागात होते तो चालूच होत नाही. होम एफएसटॅबमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून सिस्टिमडी दीड मिनिट त्याची वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडच्या काळ्या स्क्रीनवर आणून सोडतं. रूटच कापला गेला असेल तर तिथपर्यंतही पोचत नाही. रीस्टार्टने अडचण सोडवली नाही, फक्त पुढे ढकलली, आणि तीही वाईट जागी.

योग्य क्रम वरून खाली उतरण्याचा आहे. होममधला डेटा हलवा, अनमाउंट करा, एफएसटॅबमधली ओळ काढा. मग व्हॉल्यूम निष्क्रिय करा आणि काढा. उरलेले व्हॉल्यूम पार्टिशनच्या शेवटच्या भागात आहेत का ते पीव्हीएसच्या सेगमेंट यादीत पाहा. असतील तर पीव्हीमूव्हने सुरुवातीकडे सरकवा. त्यानंतर पीव्हीरिसाइझने फिजिकल व्हॉल्यूम लहान करा. पार्टिशन कापायची पाळी येते ती इथे, सगळ्यात शेवटी, आणि तेही फिजिकल व्हॉल्यूमपेक्षा जरा मोठं ठेवून. आपण नेमकी सुरुवात इथून करतो.

आता ‘जबरदस्ती’बद्दल. एलव्हीरिमूव्हला फोर्सचा पर्याय जोडला की वापरातला व्हॉल्यूमही निघतो, असा समज इतका पसरला आहे की शिकवणारेही तो सांगतात. तो पर्याय फक्त ‘नक्की काढू का?’ हा प्रश्न गाळतो. उघडा असलेला व्हॉल्यूम त्यानेही निघत नाही. डीएमसेटअपचं फोर्स मात्र खरोखर धोक्याचं आहे. ते चालू व्हॉल्यूमखालचं टेबल बदलून त्या जागी असं टेबल बसवतं की प्रत्येक वाचन आणि लेखन अयशस्वी व्हावं. माउंट केलेल्या फाइल सिस्टिमवर हे केलं तर स्मृतीतला न लिहिलेला मजकूर गेला. ‘झालं, निघालं’ म्हणून समाधान मानणाऱ्याला आपण काय गमावलं हे कळायलाही वेळ लागतो.

जबरदस्तीच्या आधी विचारायचा प्रश्न साधा आहे : धरून कोण बसलंय? एलएसओएफ रिकामं आलं म्हणजे कोणीच नाही, असं मानणं चूक. ते प्रक्रिया दाखवतं. कर्नलने स्वतः धरलेलं काही दाखवत नाही. स्वॅप चालू असेल, तर स्वॅपऑनची यादी पाहावी लागते. व्हॉल्यूमवर दुसरं मॅपिंग बसलं असेल, तर सिस फोल्डरमध्ये त्या डिव्हाइसच्या ‘होल्डर्स’ या जागी नाव सापडतं. एलएसब्लॉकचं झाड आणि डीएमसेटअपची ट्री यादीही तेच सांगते. एखाद्या सेवेने किंवा कंटेनरने स्वतःच्या वेगळ्या माउंट-अवकाशात तीच फाइल सिस्टिम धरली असेल, तर नेहमीच्या माउंट यादीत ती दिसत नाही, त्या प्रक्रियेच्या माउंटइन्फोत दिसते.

होस्ट मशीनवर तर याचा खास पेच होतो. अनेक ठिकाणी होस्टवरचा एक लॉजिकल व्हॉल्यूम हीच गेस्टची डिस्क असते. गेस्ट बंद केलं, आता तो व्हॉल्यूम काढू म्हटलं, तर ‘वापरात’. गेस्ट तर बंद आहे! झालेलं असं असतं की केपार्टएक्सने कोणी ती डिस्क उघडून पाहिली, किंवा होस्टच्या एलव्हीएमने आपल्याच व्हॉल्यूमच्या पोटात डोकावून गेस्टचा ग्रुपही चालू केला. म्हणजे गेस्टचे व्हॉल्यूम होस्टच्या व्हॉल्यूमला धरून बसले. आधी आतला ग्रुप व्हीजीचेंजने निष्क्रिय करायचा, केपार्टएक्सची मॅपिंग काढायची, मग बाहेरचा व्हॉल्यूम काढायचा. असं पुन्हा होऊ नये म्हणून होस्टच्या एलव्हीएमला कुठे पाहायचं आणि कुठे पाहायचं नाही ते फिल्टरने सांगून ठेवायचं. एलव्हीएमच्या नव्या आवृत्त्यांत व्हॉल्यूमच्या आत डोकावणं मुळातच बंद ठेवलेलं आहे, म्हणजे ही अडचण निर्मात्यांनी ओळखली आणि दुरुस्त केली. जुन्या वितरणांवर अडकून राहिलेल्यांनी तिचं खापर आजच्या एलव्हीएमवर फोडू नये. अशा वितरणांपैकी सेंटओएस ७ ची मुदत तर ३० जून २०२४ लाच संपली आहे.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार युक्तिवाद असा की व्हर्च्युअल डिस्क हवी तेवढी वाढवता येते, स्नॅपशॉट हायपरव्हायजर घेतो, मग मध्ये आणखी एक थर कशाला? एका प्रकारच्या मशीनबाबत मी हे मान्य करतो. क्लाउडवर उभी राहणारी आणि काम संपलं की टाकून दिली जाणारी, एकाच रूट पार्टिशनची मशीनं एलव्हीएमशिवाय उत्तम चालतात. उबुंटूच्या क्लाउड प्रतिमा तशाच येतात. पण कॉलेजातलं किंवा एखाद्या पतसंस्थेतलं व्हर्च्युअल मशीन वर्षानुवर्षं चालतं. त्याला जागा लागत राहते, आणि बंद ठेवायला सवड नसते. तिथे डिस्क कापत बसण्याऐवजी दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडावी, ती ग्रुपमध्ये घ्यावी आणि व्हॉल्यूम वाढवावा. जुनी डिस्क काढायची असेल तर पीव्हीमूव्हने चालू मशीनमधला डेटा नव्या डिस्कवर न्यावा, जुनी ग्रुपमधून कमी करावी आणि सोडवून घ्यावी. मशीन बंद न करता. साध्या पार्टिशनवर हे होत नाही. लिनक्समधलं एलव्हीएम हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ साली एचपी-यूएक्सच्या व्हॉल्यूम मॅनेजरचा नमुना समोर ठेवून लिहिलं ते याचसाठी : पार्टिशन टेबलाला पुन्हा पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये. ज्या साधनाचा हेतूच पार्टिशनं पाडणं टाळणं हा आहे, त्याच्या खालचं पार्टिशन ओढून पाहायचं आणि मग साधन वाईट ठरवायचं, हा न्याय नव्हे.

‘व्हर्च्युअलच तर आहे, पुसलं तर काय बिघडलं’ या वाक्याने मी सगळ्यात जास्त अस्वस्थ होतो. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आहे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ पासून. दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर, अकोट, बाळापूरची मुलं या पट्ट्यातल्या कॉलेजांत शिकतात आणि पुण्या-नागपूरला सर्व्हर सांभाळायच्या नोकऱ्यांना लागतात. तिथे समोरची डिस्क व्हर्च्युअलच असते, पण तिच्यावर कोणाचे पगार, कोणाची रुग्णनोंद, कोणाचं कर्जखातं असतं. शिकताना लागलेली सवय हात विसरत नाहीत. अडलं की पुसायचं, हे चार वर्षं गिरवलेला मुलगा पाचव्या वर्षी अचानक होल्डर्स तपासू लागेल, ही अपेक्षा मला अवास्तव वाटते.

याची जबाबदारी मुलांवर ढकलणं सोपं आहे, पण ती आपल्या प्रात्यक्षिकांची आहे. पीव्हीक्रिएट, व्हीजीक्रिएट, एलव्हीक्रिएट, फाइल सिस्टिम, माउंट, स्क्रीनशॉट, सही. उभारलं तिथे प्रयोग संपतो. उतरवणं कोणी विचारत नाही, म्हणून कोणी शिकवत नाही. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेच्या घोषित उद्दिष्टांत फिजिकल व्हॉल्यूम बनवणं आणि काढणं, लॉजिकल व्हॉल्यूम बनवणं आणि काढणं, दोन्ही लिहिलेलं आहे, आणि ती परीक्षा चालू मशीनवर हाताने द्यावी लागते. आपली मुलं तिथे पैसे भरून जातात, आणि काढण्याचा अर्धा भाग आयुष्यात पहिल्यांदा तिथेच करतात.

म्हणून प्रात्यक्षिकं ठरवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या सत्रात एक प्रयोग वाढवा. व्हर्च्युअल मशीनला दुसरी डिस्क जोडा, तिच्यावर तीन व्हॉल्यूम असलेला ग्रुप तयार करून द्या, एक व्हॉल्यूम माउंट ठेवा, एक स्वॅप म्हणून चालू ठेवा, आणि विद्यार्थ्याला सांगा की मधला व्हॉल्यूम काढून, बाकीच्या दोन्हींचा डेटा शाबूत ठेवून पार्टिशन निम्मं करून दाखव. रीस्टार्ट नाही, फोर्स नाही. प्रत्येक नकाराला त्याने वहीत लिहावं की कोण धरून बसलं होतं आणि ते कशावरून कळलं. गुण त्या लिहिण्याला द्या.